एका फोनवर तीन घरं

आमच्या गल्लीत इंटरनेट आणायचं यांनी ठरवलं तेव्हा गल्लीतल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. त्या दिवशी सगळी गल्ली हंडे, घागरी, बादल्या मांडून उभी राहायची. त्यामुळे नळीतून काहीतरी येणार असतं, ते कधी येईल सांगता येत नाही, आलं तरी बारीक धारेनं येतं आणि शेजारणीनं आधी भरून घेतलं की आपल्याकडं थांबतं, हे इंटरनेटचं सगळं शास्त्र आम्हाला आधीपासून पाठ होतं. फक्त कॉम्प्युटर तेवढे नवे होते.

"यांनी" म्हणजे माझे मालक, गुलाम रसूल. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि फोन इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाले. मी साबेरा, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, तीही रिटायर. आमच्या घरात निम्मी दखनी चालते, निम्मी मराठी. भांडण मराठीत होतं आणि समेट दखनीत. मी इथं सगळं मराठीतच लिहून राहिले, कारण या गोष्टीत पहिला भाग जास्त आहे.

लातूरचं नाव आधी भूकंपानं देशभर झालं होतं, आता बारावीच्या निकालानं होत होतं. औसा रोडच्या मागच्या आमच्या साध्या गल्लीतसुद्धा ज्याच्याकडं जास्तीची खोली होती त्यानं तिला हॉस्टेल म्हणायला सुरुवात केली. समोरच्या नीलाबाईनं तर गोठा पाडून मुलींचं हॉस्टेल काढलं. मुखेडच्या, किनवटच्या, उदगीरच्या पोरी तिथं राहायच्या, क्लासला जायच्या, आणि मेडिकलला लागायचं स्वप्न बघत नीलाबाईचं पातळ वरण खायच्या. आमच्या भिंतीला भिंत लागून साहेबराव राहायचे. हायस्कूलचे हेडमास्तर, वाक्य पूर्ण केल्याशिवाय श्वास न घेणारे. त्यांची लुंबिनी बारावीला होती आणि तिच्यासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. नीलाबाईनंही पोरींसाठी एक घेतला. तिसरा आमच्याकडं होता. आमचा फैजान पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत, त्यानं स्वतःचा जुना आम्हाला आणून दिला होता. मी त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवला होता आणि त्यापलीकडं आमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

अडचण फोनची होती. तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं, आणि ते चालू असेपर्यंत फोन एंगेज. साहेबरावांचा फोन एंगेज लागला की संस्थेचे अध्यक्ष चिडायचे. नीलाबाईचा लागला की मुखेडहून कुणाची तरी आई रडायला लागायची, की पोरीला काही झालं म्हणून रिसीव्हर काढून ठेवलाय. म्हणून दोघांच्या घरी कॉम्प्युटर असून इंटरनेट नव्हतं, आणि पोरी त्यासाठी बाजारातल्या कॅफेत जाऊन पोरांच्या रांगेत बसायच्या.

एका संध्याकाळी ओट्यावर हे बोलणं चाललं होतं. हे मध्येच म्हणाले, आमच्या फोनवरून घ्या ना सगळे. आमचा फोन काय, दिवसभर मुकाच असतो. ते खरं होतं. नोकरीत असताना आमच्या घरचा फोन जेवू द्यायचा नाही. कलेक्टर कचेरीतून, दवाखान्यातून, कुणाच्या लग्नघरातून, लाइन गेली म्हणून सारखा वाजायचा. रिटायर झाले आणि पंधरा दिवसांत तो थंड झाला. रविवारी फैजान, मधूनच नांदेडहून आमची अलीझा, बस. मी हे बोलणं ऐकलं, आणि माझ्या मनात आलं की माणसाला काम मिळत असेल तर मिळू दे. एवढी एक मंजुरी मी दिली. पुढचं मला कुणी विचारलं नाही.

फैजानला विचारलं तर तो म्हणाला की राउटर नावाची डबी मिळते. फोनची तार मोडेमला, मोडेम डबीला, आणि डबीतून निळ्या तारा निघून हव्या तेवढ्या घरात. कुठल्याही घरात कॉम्प्युटर चालू केला की डबी आपण होऊन फोन लावते. त्यानं डबी, मोडेम आणि निळ्या तारेचं वेटोळं ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवून दिलं. यांनी डबी हातात घेतली, चारी बाजूंनी बघितली, सोबतचं पुस्तक न उघडता मला कपाटात ठेवायला दिलं आणि निळी तार दोन बोटांत धरून कापून बघितली. आत आठ बारीक तारा निघाल्या.

"आठ तारा कशाला लागतात?" ते म्हणाले. "माणसाला बोलायला दोन पुरतात."

फैजाननं फोनवर समजावलं, साहेबरावांनी ओट्यावर समजावलं, लुंबिनीनं चित्र काढून दाखवलं. यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माळ्यावरून खात्याची जुनी दोन पदरी काळी तार काढली. तीन दिवस तीच तार घेऊन ते गच्चीवरून गच्चीवर फिरत होते. नीलाबाई खालून सांगायची की तार कडुलिंबावरून घ्या, लिंबाला वीज लागत नाही. पलीकडचा पानवाला सांगायचा की गटारीतून घ्या, वरून माकडं नेतात. लातुरात मी आजवर एकही माकड बघितलेलं नाही, पण सल्ला देणाऱ्याला माकडाची गरज नसते. शेवटी काळ्या तारेतून काही म्हणजे काही आलं नाही, आणि यांनी, आपलीच कल्पना असल्यासारखी, निळी तार काढली.

निळी तार आमच्या गच्चीवरून समोर नीलाबाईच्या गच्चीला नेली. उंच बांधली होती असं ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कडबा भरलेला ट्रॅक्टर गल्लीतून गेला. कडब्याची उंची तारेपेक्षा जास्त होती एवढंच त्यात चुकलं. तार, खुंटी आणि नीलाबाईच्या गच्चीवरच्या दोन ओल्या चादरी कडब्यावर बसून औसा रोडला लागल्या. हे सायकलवर मागं. नाक्यावर गाडी सापडली तेव्हा ड्रायव्हर चहा पीत होता आणि त्याला काही ठाऊक नव्हतं. हे तार गळ्यात घालून आणि चादरी खांद्यावर टाकून परत आले तेव्हा गल्लीतले लोक दारात उभे होते. फोन इन्स्पेक्टरच्या बायकोला एका जन्मात जेवढा मान मिळतो, त्यातला बराच त्या सकाळी गेला.

मग तार परत ओढली, या वेळेला चांगली वर. साहेबरावांकडं भिंतीवरून, नीलाबाईकडं खांबावरून. रविवारी उद्घाटन ठरलं. नीलाबाईनं नारळ आणला. साहेबराव धुतलेला सदरा घालून आले आणि दळणवळण या विषयावर थोडं बोलले. यांनी बटण दाबलं, मोडेम कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा ओरडला, हिरवे दिवे लागले. आमच्याकडं चालू झालं. साहेबरावांकडं चालू झालं. नीलाबाईकडं काही नाही. पोरी कॉम्प्युटरपुढं बसून आहेत, हे खालून ओरडून विचारून राहिले, पोरी वरून न्हाई, न्हाई म्हणून राहिल्या. यांनी डबी बघितली, मोडेम बघितला, कॉम्प्युटरला दोष दिला. शेवटी लुंबिनीनं तार हातात धरून मागोवा घेतला. ती गच्चीवर गेली, खांबापर्यंत नजर नेली, आणि तारेबरोबर तिची नजर परत आमच्याच गच्चीवर उतरली. तार खांबावरून वळसा घेऊन आमच्याच घरात परत आली होती. दोन्ही टोकं आमच्या माळ्यावर होती.

गल्ली पोट धरून हसली. नीलाबाई ओट्यावर बसून हसली. साहेबराव फक्त गालात हसले, कारण हेडमास्तर होते. मीसुद्धा हसले. हे तार हातात धरून उभे होते आणि तिच्याकडं असे बघत होते, की ती कुणी तिथं ठेवली हे त्यांना तीच सांगेल. मग तेही हसले.

ती चूक निघाली तर डबी पासवर्ड मागायला लागली. ती कुणी परक्यानं वापरू नये म्हणून यांनी तिला कुलूप घातलं होतं आणि किल्ली विसरले. मुलांची नावं घालून बघितली, माझं नाव घातलं, गावाचं नाव घातलं. साहेबराव म्हणाले की तुम्हाला कधी कुणावर राग आला असेल तर त्याचं नाव घाला. तेही घातलं, आणि ते कुणाचं होतं हे मला अजून सांगितलेलं नाही. मग फैजानला फोन लावायचा ठरला. पण आमच्या फोनवरून त्याच्याशी बोलावं तर डबी तपासता येत नाही, आणि डबी तपासावी तर फोन बंद. म्हणून साहेबरावांच्या घरून फोन लावला. फैजान पुण्याहून साहेबरावांना सांगणार, साहेबराव खिडकीतून सुमनबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, सुमनबाई अंगणातून मला, मी माजघरातून यांना. फैजान म्हणाला की मागं बारीक भोक आहे, त्यात पिन घालून थोडा वेळ दाबून ठेवा. साहेबरावांनी ते शुद्ध करून सांगितलं. सुमनबाईंनी थोडक्यात सांगितलं. माझ्यापर्यंत आलं ते असं, की मागची पिन काढून दाबून ठेवा. यांनी मागची प्रत्येक पिन काढली आणि दिवाणाच्या गादीखाली दाबून ठेवली.

एवढं सगळं होऊन ती डबी चालली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं गल्लीत कुणी म्हणालं की गुलामभाईनी काही जमवलंच नाही. जमवलं. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या एका फोनवर तीन घरं चालली. कूर्मगतीनं चालली, एक पान उघडायला लावून नीलाबाईच्या पोरी चार पोळ्या लाटून यायच्या, पण चालली. मी स्वयंपाकघरातला दुसरा फोन चुकून उचलला की कानात कर्कश शिट्टी वाजायची आणि तिन्ही घरांतून एकदम ओरडा यायचा. कोणत्या घरातून कोणती शिवी येते हे मला ओळखू यायला लागलं. हे सकाळी उठून आधी डबीचे दिवे बघायचे, मग तोंड धुवायचे. एका दुपारी अलीझा नांदेडहून एसटीनं येऊन दारात उभी राहिली, हातात डबा आणि डोळ्यांत पाणी. आठवडाभर फोन एंगेज म्हणून तिनं काहीबाही मनात आणलं होतं. आम्ही दोघं ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा खात बसलो होतो. ती आधी रडली, मग भांडली, मग शेंगा खायला बसली.

होळी झाली आणि फोन मधूनच बंद पडायला लागला. हे टेलिफोन ऑफिसला जाऊन तक्रार देऊन यायचे. तिथं आता नरसिंग मुख्य होता. यांच्याच हाताखाली खांबावर चढायला शिकलेला. एका शुक्रवारी हे नमाजला गेले असताना तो स्कूटरवर घरी आला. आत येईना, ओट्यावरही बसेना. मी चहा ठेवला तेव्हा दारातूनच बोलला.

"भाभी, साहेब परवा आले. लाइन डेड हाय म्हणले. मी येऊन बघितलं, तर घरात येणारी तारच काढून ठेवलेली. त्यांनीच काढली असणार, दुसऱ्याला तशी काढता येत न्हाई. मी जोडून दिली. दुपारी परत आले, तेच म्हणले. संध्याकाळी परत आले. मला वाटलं, रागावले असतील. पण भाभी, तिन्ही बारीला त्यांनी मला पोरांचं विचारलं. नवीन विचारल्यासारखं विचारलं."

मी त्याला म्हणाले की रिटायर माणसाला वेळ जात नाही, दुसरं काही नाही. त्यानं मान हलवली. मी चहा दिला, पण बिस्किट दिलं नाही. ज्याला माझ्या नवऱ्यानं हात धरून खांबावर चढवलं, त्यानं माझ्या ओट्यावर उभं राहून हे सांगावं याचा मला राग आला होता. तो गेल्यावर मी कप धुवायला घेतला आणि धूतच राहिले. वळसा घालून घरी परत आलेली तार. गादीखाली दाबलेल्या पिना. माझं नाव घालून बघताना "साबेरा" मधला स आधी की ब आधी, असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी ते चेष्टा म्हणून घेतलं होतं. हसून झालेल्या सगळ्या गोष्टी एकेक करून परत आल्या. या वेळेला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले, आणि ते माझ्यावर. मी साखर कुठल्या डब्यात आहे विचारलं की ते म्हणायचे, परीक्षा घेऊन राहिली का. मास्तरणीशी लग्न केलेल्या माणसाला परीक्षा लगेच ओळखू येते. फैजानला सांगायचं म्हटलं तर फोनवर ते शेजारीच बसलेले. रोज म्हणायचं, उद्या बोलू. असं करत जून आला.

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल इंटरनेटवर लागणार होता. गावाला गेलेल्या नीलाबाईच्या पोरी आदल्या दिवशीच परत आल्या. काहींबरोबर बाप आले, एकीबरोबर आजी. नेमकी त्या सकाळी नीलाबाईची आणि साहेबरावांची तार बंद होती, फक्त आमच्या घरातलं चालू होतं. म्हणून सगळे आमच्याच बैठकीत आले. उकाडा असा की पंखा गरम हवा फिरवत होता. पोरी भिंतीला टेकून उभ्या, कुणी ओठ चावून राहिली, आजी पदरानं तोंड पुसून राहिली. लुंबिनी कॉम्प्युटरपुढं बसली, कारण तिला ते चालवता यायचं. तिनं आधी स्वतःचाच नंबर घातला. पान हळूहळू वरून खाली उघडत गेलं. ती बघत राहिली, मग उठली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. साहेबराव जागेवरून हलले नाहीत. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तेवढ्यात हे आतून आले. दारात उभे राहून त्यांनी ती सगळी गर्दी बघितली. सदऱ्याची वरची गुंडी लावली. फोनजवळच्या खुर्चीत बसले आणि रिसीव्हर उचलला. उचलला तशी शिट्टी वाजली आणि कॉम्प्युटरवरचं इंटरनेट तुटलं.

"गर्दी करू नका," ते म्हणाले. "रांगेत या. एका माणसाला एकच मिनिट. नाव सांगा, गाव सांगा, आणि घरातलं कोण कोण राहिलं तेवढं सांगा. रडायचं ते फोन झाल्यावर."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मला मात्र कळलं. भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी खात्यानं यांना किल्लारीच्या बाजूला एका गावात पाठवलं होतं. गाव राहिलं नव्हतं. शेतात तंबू ठोकून यांनी तिथं एक फोन चालू केला, आणि मुंबईला, पुण्याला, सोलापूरला ज्यांचं कुणी होतं ते लोक त्या एका फोनपुढं रांग लावून उभे राहिले. मी धुतलेले कपडे आणि भाकरी घेऊन गेले होते. तंबूच्या दारात उभी राहून मी हेच शब्द ऐकले होते, याच आवाजात. घरी आल्यावर ते त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

किनवटची एक पोर पुढं झाली. तिला वाटलं निकालाचंच चाललंय. म्हणाली, चाचा, माझा नंबर घ्या. हे म्हणाले, नंबर मी लावतो, तू फक्त नाव सांग. ती गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. कुणीतरी मागं फिसकन हसलं. साहेबराव बोलायला तोंड उघडणार होते, चूक दिसली की दुरुस्त करायची त्यांना सवयच होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली की काय केलं, मला आठवत नाही. त्यांनी दारातल्या माणसांना बाजूला केलं, पायातल्या चपला काढल्या आणि त्या पोरीच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"साहेबराव. गाव लातूर," ते म्हणाले. "घरात तिघं. तिघंही आहेत."

यांनी कानाला रिसीव्हर लावला. आतली शिट्टी आम्हाला ऐकू येत होती. "लाइन खराब हाय, पण लागेल," ते म्हणाले, आणि मग रिसीव्हरमध्ये हळू, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की लातूरहून बोलून राहिलो, साहेबराव, तिघंही खुशाल. मग मान वर करून म्हणाले, पुढचा.

मग किनवटच्या पोरीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, घरात पाच म्हणाली. मुखेडच्या पोरीनं सांगितलं. तिच्या बापानं टोपी काढून सांगितलं. आजीला काय चाललंय कळत नव्हतं, पण तिनं मेलेल्या माणसांचीही नावं सांगितली आणि यांनी तीही पुढं कळवली. ज्या निकालासाठी वर्षभर जीव टांगला होता तो बंद कॉम्प्युटरमध्ये पडून होता, आणि एकाही पोरीनं तो मागितला नाही. नीलाबाई दाराला धरून उभी होती. तिलाही रांगेत यायचं होतं, पण तिनं दार सोडलं नाही.

रांग संपली तेव्हा यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "ती पोरगी कोण? पुढं ये. का रडून राहिली? कोण गेलं तुझं?"

लुंबिनी तोंड न पुसताच वळली. "कुणी नाही, चाचा."

"घर हाय?"

"आहे."

"आई-बाप?"

तिनं साहेबरावांकडं बघितलं. "आहेत."

"मग बाळा, तू बाजूला थांब," हे म्हणाले. "ज्याचं कुणी न्हाई त्याला पुढं येऊ दे."

लुंबिनी बाजूला जाऊन उभी राहिली. साहेबरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. घरी गेल्यावर त्यांनी तिला निकालाबद्दल एक शब्दही विचारला नाही, असं सुमनबाईंनी मला नंतर सांगितलं. तिनं पुढं बी.एस्सी. केलं आणि बापासारखीच शाळेत लागली. मुखेडची ती पोर मात्र डॉक्टर झाली.

त्याच संध्याकाळी साहेबरावांच्या घरून मी फैजानला सगळं सांगितलं, आणि तो दुसऱ्याच दिवशी आला. आम्ही यांना नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भला माणूस होता. फोटो काढले, प्रश्न विचारले, आणि आजाराचं नाव सांगितलं. नाव ऐकून झाल्यावर यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, फॉल्ट जॉइंटमध्ये हाय की केबलमध्ये? जॉइंटचा असला तर निघतो. केबलच गेली असंल तर खोदावं लागतं, आणि एवढं खोदायला कुणी देत न्हाई." डॉक्टर हसले आणि मग हसायचे थांबले. म्हणाले, केबलमध्ये आहे. हे म्हणाले, मला वाटलंच होतं. जिना उतरताना त्यांनी फैजानच्या खांद्यावर हात टाकला आणि समजावलं की अशा वेळेला घाबरायचं नसतं, लाइन एकदम जात नाही, येत-जात राहते.

डबी फैजाननं काढली. निळी तार गुंडाळताना नीलाबाई म्हणाली की खांबावरची राहू द्या, भाईजाननी एवढी बांधली. पण ती राहिली नाही, वाऱ्यानं लोंबायला लागली आणि साहेबरावांनीच ती उतरवली. नंतर गल्लीत ज्यानं त्यानं आपापली दुसरी लाइन घेतली. आमचा फोन मोकळा झाला. आता तो लावला की लगेच लागतो. हे उचलतात, नीट ऐकून घेतात, "लावून देतो" म्हणतात आणि रिसीव्हर जागेवर ठेवून देतात. ज्यांना हे ठाऊक आहे ते परत फोन करतात, तेव्हा मी उचलते.

त्या थंडीत अलीझाला मुलगी झाली, मनतशा. मी एका रात्रीसाठी नांदेडला गेले. सुमनबाईंना सांगून गेले होते, त्या डबा देणार होत्या, साहेबराव येऊन बसणार होते. तरी जीव राहीना. दुपारी अलीझाच्या घरून मी फोन लावला. यांनी उचलला.

"हॅलो. कोण पाहिजे?"

मी म्हणाले, मी बोलते. ते म्हणाले, मी म्हणजे कोण? आवाज नम्र होता, खात्याचा, परक्या माणसासाठी ठेवलेला. मला माझं नाव सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं आणि तरी ओळखलं नाही, तर काय करायचं होतं?

"साबेरा आहे का?" मी विचारलं.

"ती न्हाई. नांदेडला गेली, लेकीकडं. नात झाली आम्हाला. उद्या येईल."

सगळं बरोबर होतं. कुठं गेले, कशाला गेले, कधी येणार, काही चुकलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. अलीझा खुणेनं विचारत होती, काय म्हणतात.

"काही निरोप द्यायचा का?" त्यांनी विचारलं.

"जेवून घ्या म्हणावं," मी म्हणाले. "एवढाच निरोप."

"सांगतो तिला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरून गल्लीत शिरले तेव्हा हे ओट्यावर उभे होते. माझी पिशवी घेतली. नातीचं काही विचारलं नाही. मला आत बोलावलं आणि म्हणाले, "तुला फोन आलता. कुणी बाई होती. जेवून घ्या म्हणली."

स्वयंपाकघरात फरशीवर पाट मांडला होता. पुढं ताट होतं, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. मी झाकण काढलं. सुमनबाईंच्या कालच्या डब्यातलं अर्धं त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवलं होतं. पोळी कडक झाली होती. वरणावर साय आली होती. मीठ, कांदा, लिंबाची फोड, सगळं आपल्या जागेवर वाढलेलं होतं.

"निरोप हाय, बस," ते म्हणाले.

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.